लक्ष्मीपुढं ठेवलेले सहाशे मार्क

अक्काताई जर्मनीहून परत आली ते साल एकोणीसशे सत्त्याण्णव. नवरात्र चालू होतं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले दोन-तीन पुरुष तोवर परदेश पाहून आले होते. पण बाई, आणि तीसुद्धा सत्तावन्न वर्षांची, कपाळाला विभूती लावणारी, विमानातही लुगडं नेसूनच बसलेली, अशी ही पहिलीच. रिक्षातून उतरली तेव्हा गल्लीतल्या निम्म्या बायका दारात उभ्या होत्या.

"गोरी हून आलीस व्हय गं?" समोरच्या चिमणाबाईनं मोठ्यानं विचारलं.

"होते तशीच हाय," अक्काताईनं त्याहून मोठ्यानं सांगितलं. "थंडीनं टाचा तेवढ्या फुटल्यात."

ती गेली होती लेकीच्या बाळंतपणाला. जावई वीरेश ओतकामाची यंत्रं करणाऱ्या कंपनीत इंजिनियर होता आणि कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी तिकडं पाठवलं होतं, स्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात. दानेश्वरीला दिवस गेले आणि तिनं फोनवर रडून सांगितलं, "अव्वा, तू आल्याशिवाय मला न्हाय जमायचं." जावयानं तिकीट धाडलं. अक्काताई पाच महिने राहिली, नातवाला न्हाऊमाखू घातलं आणि परत आली.

घरी काही कमी नव्हतं. पेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान तीन पिढ्यांचं. नवरा चन्नाप्पा जाऊन नऊ वर्षं झाली होती, तेव्हापासून दुकान धाकटा दीर महांतेश चालवत होता. माणूस वाईट नव्हता. वहिनीला त्यानं कधी उणं बोललं नाही, सणाला लुगडं चुकवलं नाही. फक्त एक होतं. अक्काताईनं दहा रुपये मागितले तरी तो गल्ल्यात हात घालायचा आणि मान वर न करता विचारायचा, "कशाला?" सांगितलं की द्यायचा. नऊ वर्षांत एकदाही नाही म्हणाला नव्हता, आणि नऊ वर्षांत एकदाही न विचारता दिले नव्हते. औषधाला, देवाला, माहेरच्या शिरोळच्या बसभाड्याला, प्रत्येक वेळी 'कशाला'. हा शब्द अक्काताईच्या मनात खड्यासारखा रुतून बसला होता.

आणि जर्मनीत एक गोष्ट घडली. बाळासाठी म्हणून तिनं आपल्या जुन्या मऊ लुगड्यांचं बोचकं बरोबर नेलं होतं. तिथल्या लांबलचक संध्याकाळी खिडकीशी बसून तिनं वाकळ, म्हणजे गोधडी, शिवली. खालच्या मजल्यावर हिल्डा नावाची सत्तरीची विधवा राहायची. ती बाळ बघायला आली आणि बाळ सोडून वाकळच उलटीसुलटी करून बघत बसली. एवढे बारीक टाके हातानं घातलेत यावर तिचा विश्वासच बसेना. मला एक करून दे, म्हणाली. अक्काताईनं तिच्याच जुन्या चादरी आणि गेलेल्या नवऱ्याचे शर्ट घेऊन करून दिली. हिल्डाबाईनं टेबलावर दीडशे मार्क ठेवले. तेव्हा जर्मनीचा पैसा मार्क होता, आताचा युरो अजून यायचा होता.

"अव्वा, घेऊ नकोस, शेजारीण हाय," दानेश्वरी कानात म्हणाली. अक्काताईनंही हात मागं घेतला. तेव्हा हिल्डाबाई काहीतरी ठणकावून बोलली आणि दानेश्वरीनं लाजत मराठीत सांगितलं, "म्हणतीया, काम हाय, कामाचं पैसं हायत. भीक न्हाय."

हिल्डाबाईच्या तीन मैत्रिणींनी आणखी तीन वाकळा करून घेतल्या. सहाशे मार्क झाले. वीरेशनं ते मोडून शंभराच्या सहा कोऱ्या निळ्या नोटा आणून दिल्या. नोटेवर एका बाईचं चित्र होतं. कोण राणी का, अक्काताईनं विचारलं. राणी नव्हे, ती मोठी वाजवणारी होती, आपल्या पेटीपेक्षा दहापट मोठं वाद्य, असं जावई म्हणाला. अक्काताईनं त्या नोटा रुमालात बांधून कमरेला खोचल्या. जन्मात स्वतःच्या हातच्या कामाचे पैसे तिनं पहिल्यांदा हातात धरले ते त्या परक्या गावात.

परदेशातून आलेल्या माणसाकडं उरलेली नाणी असतात हे पेठेला पक्कं ठाऊक होतं. आठ दिवस घरी रीघ लागली. अक्काताईनं पर्सच्या तळाची वीस-पंचवीस नाणी वाटून टाकली. बँकेत ती कुणी घेत नाही हे वीरेशनं सांगितलंच होतं. जाऊबाई मीनाक्षीनं एक नाणं शोकेसमध्ये काचेच्या बाहुलीच्या पायाशी ठेवलं. दुकानात भांड्यांवर नावं घालणारा म्हातारा गुंडू, त्यानं आपल्या नाण्याला भोक पाडून किल्ल्यांना अडकवलं. कोपऱ्यावरच्या धोंडुबाईनं तर पाच मार्कांचं जड नाणं सरळ अंबाबाईच्या पेटीत टाकलं.

"अगं, तिथं त्याचं काय करत्यात?" चिमणाबाईनं विचारलं.

"देवीला सगळ्या देशांचं कळतं," धोंडुबाई म्हणाली. "तुला कळत न्हाय म्हणून तिला कळू नये व्हय?"

नोटा मात्र अक्काताईनं कुणाला दाखवल्या नाहीत. त्या बाबतीत तिच्या डोक्यात एक पक्की गोष्ट घोळत होती. धोंडुबाईच्या घराच्या तळमजल्याला रस्त्याकडं तोंड असलेली खोली रिकामी होती. डिपॉझिट पाच हजार, भाडं तीनशे. इचलकरंजीहून चिंध्यांचे गठ्ठे आणायचे, चिमणाबाईला हाताशी घ्यायचं आणि वाकळा शिवून विकायच्या. चिमणाबाई चार घरची धुणीभांडी करत होती, तिचे हात सोड्यानं सोलून निघाले होते. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "विकत वाकळ घेणार कोण, बाई? प्रत्येकीच्या घरात म्हातारी हाय."

"म्हाताऱ्या हायत, पण टाके घालायला त्यांचं डोळं कुठं हायत? आणि सुनांना वेळ कुठं हाय?"

"ते बी खरंच," चिमणाबाई म्हणाली. धोंडुबाईनं अक्षय तृतीयेपर्यंत खोली थांबवायचं कबूल केलं. त्यानंतर ती खोली मागायला आलेल्या एका सायकलवाल्याला जाणार होती.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी महांतेश स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला. दानेश्वरी फोनवर त्याच्याशी नोटांबद्दल बोलून गेली होती.

"वैनी, एक दिवस द्या त्या नोटा. वह्यांपुढं ठेवतो. पेठेत कुणाच्या पूजेत फॉरेनची लक्ष्मी असंल? पाडव्याला परत देतो."

घरचा दीर, सणाचा दिवस. अक्काताईनं रुमाल सोडला. संध्याकाळी दुकानात चौरंगावर वह्या, चांदीची नाणी, लाह्या-बत्तासे आणि मधोमध त्या सहा निळ्या नोटा. त्यांवर हळदकुंकू वाहिलं. शेजारचे दुकानदार वाकून बघत होते.

"अण्णा, ही बाई कोण हो?" 

"तिकडची लक्ष्मीच की ती," महांतेशनं बिनदिक्कत सांगितलं.

पाडवा गेला, भाऊबीज गेली. अक्काताईनं नोटा मागितल्या तेव्हा महांतेशचा चेहरा खरोखरच बुचकळ्यात पडल्यासारखा झाला.

"वैनी, पूजेतली लक्ष्मी मोडायची असती का कधी? आज्जाच्या वेळचे रुपये अजून डब्यात हायत, एक तरी मोडलाय का? तुम्हाला ठाव न्हाय व्हय?"

ठाऊक होतं. त्या घरात चाळीस वर्षं काढली होती तिनं. पूजेत ठेवलेलं नाणं कधी बाजारात जात नाही, हा तिच्या आजेसासऱ्यापासूनचा नेम होता. नोटा देताना मात्र हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. दिराला ते आधीपासून माहीत होतं का, हे तिनं पुढं कित्येक वेळा मनाशी विचारलं. उत्तर कधी मिळालं नाही. ती त्या दिवशी गप्प बसली, आणि ती चूक झाली. कारण संक्रांतीच्या आत महांतेशनं त्याहून मोठा पराक्रम केला.

त्या वर्षी पेठेत आकारामनं झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशनचं यंत्र आणलं होतं आणि माणसांना प्लॅस्टिकचं वेड लागलं होतं. रेशनकार्डं झाली, दाखले झाले, देवांच्या तसबिरी झाल्या, एकानं तर लग्नपत्रिका करून घेतली. महांतेशनं सहा नोटा एका निळ्या कागदावर ओळीनं लावल्या, खाली 'जर्मनी' असं लाल अक्षरात लिहून घेतलं, सगळं एकत्र प्लॅस्टिकमध्ये घातलं, सोनेरी चौकट केली आणि गल्ल्याच्या वर, वडिलांच्या फोटोशेजारी टांगलं. गिऱ्हाइकं भांडी विसरून तिकडं बघायची. "आमच्या वैनी जाऊन आल्या," तो अभिमानानं सांगायचा. खोटा अभिमान नव्हता तो. म्हणूनच अक्काताईला जास्त राग यायचा.

माघात तिनं स्पष्ट सांगितलं. "भावजी, ते पैसे मला पाहिजेत. खोली घ्यायची हाय. वाकळांचं काम काढणार हाय मी."

महांतेश हसला. "चिंध्या घेऊन रस्त्यावर बसणार? चन्नाप्पाची बायको? लोक म्हणतील दीर जेवायला घालत न्हाय. काय कमी हाय तुम्हाला? मागा की. कधी न्हाय म्हटलंय?"

"मागायचंच न्हाय मला."

"मग कसं मिळंल?"

"माझं मला दिलं की मिळतंय."

तो पुन्हा हसला आणि वहीत डोकं घातलं.

गुढीपाडवा झाल्यावर एका दुपारी महांतेश जेवायला वर आला असताना अक्काताई दुकानात गेली, स्टुलावर चढली आणि चौकट भिंतीवरून काढली. गुंडू एका कळशीवर नाव घालत होता. त्यानं यंत्र थांबवलं, तिच्याकडं बघितलं, आणि पुन्हा सुरू केलं. "मी काय बघितलं न्हाय," त्या करकराटात तो म्हणाला. "माझी नजर कळशीवर हाय."

चौकट पदराखाली घेऊन ती चिमणाबाईबरोबर परदेशी चलन बदलून देणाऱ्या बँकेत गेली. काउंटरवरच्या साहेबानं पासपोर्ट बघितला, चौकट बघितली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितली.

"आजी, हे काय आहे?"

"सहाशे मार्क. बदलून द्या."

"अहो, पण प्लॅस्टिक... बरोबर घरातलं कुणी पुरुष माणूस आलंय का?"

अक्काताई बोलायच्या आत चिमणाबाई काउंटरवर कोपरं टेकून म्हणाली, "का ओ? नोटेवर तर बाईच हाय की. तिला चालतंय आणि तुम्हाला चालंना व्हय?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. साहेब नरमला. त्यानं नीट समजावून सांगितलं. परत आल्यावर चलन मुदतीत आणून द्यायचं असतं, पण तेही एक वेळ अर्ज करून बघता आलं असतं. प्लॅस्टिकला चिकटलेली नोट मात्र घेता येत नाही. पुढं पाठवली की परत येते. सुटी करून आणली तर बघू, म्हणाला.

त्या दोघी तशाच आकारामच्या दुकानात गेल्या.

"हे काढून दे."

"काढून?" आकारामचा आवाज चिरकला. "मावशी, एकदा बसलं की बसलं. कोल्हापूरचं काम हाय. सात जन्म निघायचं न्हाय." तरी त्यानं पातं घेऊन एका नोटेचा कोपरा उचलून बघितला. प्लॅस्टिकबरोबर निळा रंगच वर आला. अक्काताईनं त्याचा हात धरला. "थांब. र्‍हाऊ दे."

घराजवळ आल्यावर चिमणाबाई म्हणाली, "जाऊ दे बाई. माझी चार घरं हायतच."

"गप," अक्काताई म्हणाली.

ती सरळ दुकानात शिरली. दोन गिऱ्हाइकं होती, महांतेश गादीवर होता, त्याची कॉलेजात जाणारी मुलगी सुष्मिता चहा द्यायला आलेली होती. अक्काताईनं चौकट गल्ल्यावर ठेवली.

"भावजी, माझ्या पैशाचं प्लॅस्टिक केलंत. आता बँक घेत न्हाय. तुम्ही खराब केलंत, तुम्ही भरून द्या. आजच्या भावानं."

"वैनी, लोकं हायत."

"असू देत. लक्ष्मी चंचल असती म्हणता न्हवं? मग तिला हिंडू द्यायची. कोंडून भिंतीला टांगली कुणी सांगितली?"

"पूजेतलं धन हाय ते. मोडायचं नसतंय."

"पूजेला तुम्ही मागून नेलंत. मी वाहिलेलं न्हाय."

"घरचाच पैसा हाय, घरातच हाय. तुमचं-माझं काय त्यात?" आता महांतेशचा आवाज चढला. "ह्या घरात असं वेगळं काढायची रीत न्हाय. एक रुपाया द्यायचो न्हाय मी असल्या कामाला. जावा वर."

सुष्मिता काकूला दोड्डव्वा, म्हणजे मोठी आई, म्हणायची. ती म्हणाली, "बाबा, दोड्डव्वाचं बरोबर हाय," आणि बापानं तिच्याकडं असं बघितलं की ती कप तिथंच ठेवून निघून गेली.

अक्षय तृतीयेला चार दिवस राहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडूनं दुकानाचं शटर वर केलं तेव्हा अक्काताई वरच्या पायरीवर पोतं अंथरून बसली होती. पुढ्यात कापडाचा ढीग, हातात सुई. दुकानाच्या पायऱ्या तीन, आणि वरची पायरी अडली की आत जाणाऱ्याला पाय तिरका टाकूनच जावं लागे. कापड होतं महांतेशच्याच जुन्या धोतरांचं. पहाटे मीनाक्षीनं ते बोचकं जिन्याच्या कठड्यावर आणून ठेवलं होतं आणि न बोलता परत फिरली होती. मीनाक्षी त्या घरात वीस वर्षं कधी मोठ्यानं बोलली नव्हती.

"हे काय काढलंय?" महांतेशनं विचारलं.

"वाकळ."

"घरात शिवा की."

"घरातलं सगळं घरचं असतंय म्हणालात न्हवं? म्हणून भाईर शिवतीया. पायरी तेवढी गावाची हाय."

पहिल्या दिवशी त्यानं मनावर घेतलं नाही. म्हातारं माणूस, उन्हानं आपसूक उठेल, असं म्हणाला. ती उठली नाही. दुपारी चिमणाबाईनं भाकरी आणून दिली, ती पायरीवरच खाल्ली. जाणारा-येणारा विचारायचा, अक्काताई सांगायची. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. दुसऱ्या दिवशी समोरचा पानवाला ओरडून म्हणाला, "काय अण्णा, वैनीला दुकानातनं काढलं व्हय?" आणि गल्लीभर हशा झाला. महांतेशनं येऊन खालच्या आवाजात विनवलं, "आत या, वैनी. चारचौघं बघत्यात."

"बघू देत. भांडी बघायला येत्यात, मलाबी बघतील."

"माझी इज्जत..."

"तुमची इज्जत हाय तिथंच हाय. माझं सहाशे मार्क कुठं हायत ते बघा."

रात्री तिच्या पाठीचा काटा ढिला व्हायचा. सुष्मिता तेल लावून द्यायची. "दोड्डव्वा, बाबा हट्टी हायत. न्हाय दिलं तर?"

"तर परवाबी बसंन. धोंडुबाई खोली देईल सायकलवाल्याला, देऊ दे. खोली गेली तरी पैसे माझेच र्‍हात्यात."

तिसऱ्या दिवशी लग्नाची दाट तिथी जवळ आलेली. मलकापूरकडचं एक कुटुंब सकाळी सकाळी जीप करून आलं. मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायची होती, म्हणजे चांगलं मोठं गिऱ्हाईक. महांतेशनं गादी झटकली, देवाला उदबत्ती ओवाळली. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी, आणि भवानीवर त्याचा जीव होता. ती कोणत्या हातानं होते, कितीची होते, यावर तो सगळा दिवस जोखायचा. भवानी झाल्याशिवाय त्यानं कधी सुटे पैसेसुद्धा दिले नव्हते.

मुलीची आई पायरी चढता चढता थांबली. खाली वाकली, वाकळ हातात घेतली.

"टाके कुणी घातले?"

"मीच की. दुसरं कोण हाय इथं?"

"केवढ्याला?"

अक्काताईनं विकायचा भाव अजून ठरवलाच नव्हता. पण थांबली नाही. "पाचशे."

नवरा वरून म्हणाला, "पाचशे? वाकळंला? काय सोन्याची सुई हाय का?"

"जर्मनीत तीन हजाराला दिल्यात, पावणं. गावची माणसं म्हणून पाचशे सांगितलं. न्हायतर जावा तिकडं."

बायको नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "लेकीला आमच्याकडं वाकळ देत्यात. आई असती तर तिनं शिवली असती. माझे डोळे गेल्यात." तिनं चोळीतून बटवा काढला. "दोन करा. एक तिची, एक होणाऱ्या लेकराची. हा घ्या इसार." आणि शंभराची नोट अक्काताईच्या हातावर ठेवली.

उदबत्तीचा धूर चालला होता. गुंडूनं यंत्रावरचा हात काढला आणि पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अण्णा, भवानी झाली की! भाईर झाली!"

महांतेशचा चेहरा पडला. इज्जतीचं तो गिळून बसला होता, पानवाल्याचं हसूही त्यानं पचवलं होतं. पण ऐन लगीनसराईत, दुकानाच्या पायरीवर, आपल्या आधी दुसऱ्याची भवानी? आज झाली, उद्या होईल, परवा होईल. तो उठला, बाहेर आला आणि वहिनीसमोर उभा राहिला.

"आत या. देतो."

"इथं द्या."

"वैनी, आत या म्हणतोय. पूजेतली लक्ष्मी मी मोडत न्हाय. तुमच्याकडनं इकत घेतो. रोखीनं. झालं?"

अक्काताईनं सुई कापडाला टोचून ठेवली आणि आत गेली. महांतेशनं सकाळचा पेपर उघडला, मार्कचा भाव बघितला. बावीस रुपये. गल्ल्यातून नोटांची चळत काढली, अंगठा ओला केला आणि सवयीनं, मान वर न करता, म्हणाला, "कशाला पाहिजेत पण एवढे?"

"ते तुम्हाला सांगायचं न्हाय," अक्काताई म्हणाली.

त्याचा अंगठा थांबला. सगळ्या पेठेला तीन दिवस तिनं सांगितलं होतं कशाला ते. त्यालाही माहीत होतं. तरी त्यानं वर बघितलं, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याला कळलं की आपण काय विचारत आलो. निदान अक्काताईला तसं वाटलं. त्यानं पैसे पुढं सरकवले.

तिनं ते सावकाश मोजले. "पंच्याऐंशी कमी हायत."

"लॅमिनेशन आणि चौकट. खर्च झालाय माझा."

"बरं," अक्काताई म्हणाली. "मग चौकट माझी." तिनं गुंडूची पक्कड मागितली, चौकटीचे मागचे खिळे काढले, प्लॅस्टिकचा कागद दिराच्या गादीवर ठेवला आणि रिकामी चौकट काखेत मारली. मलकापूरचा पाव्हणा इतका हसला की त्याला खांबाला धरावं लागलं.

दारापर्यंत गेली आणि वळली. फळीवरचा एक पितळी डबा तिनं बोटानं दाखवला. "तो केवढ्याला?"

"वैनी, न्या की तसाच. घरचाच..."

"केवढ्याला?"

"एकशे चाळीस."

तिनं पैसे मोजून गल्ल्यावर ठेवले. "घ्या. तुमचीबी भवानी करून देते. सुया-दोरे ठेवायला हाय. गुंडूमामा, नाव घाला त्याच्यावर."

गुंडूनं डबा मांडीत घेतला. "काय घालू? चन्नाप्पांच्या स्मरणार्थ?"

"त्यांच्या नावाची घरात शंभर भांडी हायत. नुसतं अक्काताई घाला."

यंत्र करकरायला लागलं.

अक्षय तृतीयेला खोली उघडली. पहिलं वर्ष ओढाताणीचं गेलं, नंतर मलकापूर-शाहूवाडीकडून लग्नाच्या वाकळांची कामं येत राहिली. काखेत मारलेल्या त्या चौकटीत दुकानाचा परवाना लागला.

गुंडूनं दोन हजार एक सालापर्यंत नावं घातली. मग हात थरथरायला लागले, तेव्हा तो गावी गेला. आकारामचं झेरॉक्स चालू राहिलं, पण नोटा दिसल्या की तो यंत्र बंद असल्याचं सांगायचा. दोन हजार दोनला मार्क गेला आणि युरो आला. तेव्हा महांतेशनं तो प्लॅस्टिकचा कागद दानेश्वरीकडं धाडला. वीरेशला कंपनीनं पुन्हा तिकडंच पाठवलं होतं. हिल्डाबाई तो घेऊन स्वतः फ्रँकफुर्टच्या मोठ्या बँकेत गेली आणि बदलून आली. महांतेशनं वहिनीला दिलेल्यापेक्षा त्याला दोन-अडीच हजार जास्तच मिळाले. "म्हणत होतो न्हवं, लक्ष्मी मोडायची नसती," असं तो सगळ्या पेठेला सांगत फिरला. हिल्डाबाई त्यानंतरच्या हिवाळ्यात गेली. दानेश्वरीनं लिहिलं की तिच्या अंगावर वाकळ होती.

दोन हजार पाचला महांतेश मीनाक्षीला घेऊन एका सहलीबरोबर सिंगापूरला जाऊन आला. परतताना विमानतळावर त्यानं उरलेले डॉलर मागायला हात पुढं केला. मीनाक्षीनं पर्सची चेन ओढली आणि म्हणाली, "असू देत माझ्याकडं." कशाला, हे त्यानं विचारलं नाही. ही हकीकत तिनं स्वतः गल्लीत सांगितली, आणि चांगल्या मोठ्या आवाजात सांगितली.

सुष्मितानं बी.कॉम. केलं, सहकारी बँकेत लागली, इचलकरंजीला दिली. सायकलवाल्याला धोंडुबाईनं मागची खोली दिली. धोंडुबाई दोन हजार सातच्या पावसाळ्यात वारली. चिमणाबाईनं चारही घरची धुणी सोडली. तिची सून आता टाके घालते, सासूइतके बारीक नाहीत, पण घालते.

अक्काताई दोन हजार नऊच्या चैत्रात गेली, एकोणसत्तराव्या वर्षी. आदल्या आठवड्यापर्यंत कामावर जात होती. आजारपणात महांतेश उशाशी बसून म्हणाला, "वैनी, ह्या महिन्याचं खोलीचं भाडं मी भरतो." तिनं डोळे उघडले आणि सांगितलं, "एक तारखेलाच भरलंय मी."